हँडेलचे कैवारी

इ. स. १७४३ च्या मार्च महिन्याच्या १९ व्या तारखेस लंडनच्या ‘युनिव्हर्सल स्पेक्टेटर’ ह्या वृत्तपत्रांत एक पत्र प्रसिद्ध झालें. खालीं सही होती ‘फिलालीथीस’, म्हणजे ग्रीक भाषेंत ‘सत्यप्रिय’. ह्या सत्यप्रिय गृहस्थानें असा प्रश्न केला होता कीं, ऑरेटोरिओ म्हणून जो संगीतप्रकार शहरांत गाजत आहे तो ईश्वराची उपासना आहे कीं नाहीं? उपासना असेल, तर तिचें मंदिर नाटकगृह काय, आणि तिचे पुरोहित नट-नटी काय? उपासना नसेल, तर बायबलांतील पवित्र वचनें आणि प्रत्यक्ष उद्धारकर्त्याचें नांव लोकांच्या करमणुकीसाठीं रंगमंचावर आणणें हें पाखंड नव्हे काय? तर्कशास्त्री ज्याला उभयतःपाश म्हणतात तो येथें मोठ्या कौशल्यानें टाकला होता, ह्यांत संशय नाहीं. पण ज्या कृतीच्या गळ्यांत तो पडला, ती हँडेलची ‘मेसाया’ लंडनमध्यें अद्यापि एकदांही झालेली नव्हती. ती आयर्लंडांत झाली व येथेंही लौकरच व्हावयाची आहे, एवढ्या ऐकीव माहितीवर पत्रलेखकानें निकाल देऊन टाकला होता. पहिल्या प्रयोगास अजून चार दिवस अवकाश होता.

‘मेसाया’ची पुढील कीर्ति वाचकांस ठाऊकच आहे. युरोप-अमेरिकेंत नाताळ आला कीं ती कोठें ना कोठें गायिली जाते, आणि ‘हालेलुया’चा समूहस्वर सुरू होतांच पुष्कळ ठिकाणीं श्रोते उठून उभे राहतात. दुसरा जॉर्ज राजा प्रथम उभा राहिला व त्याच्यामागून सारी सभा, अशी जी गोष्ट सांगतात तिला त्या प्रयोगाच्या काळचा आधार नाहीं. ती आढळते ती १७८० तील एका पत्रांत, म्हणजे सदतीस वर्षांनीं. ती खोटी ठरविण्याची आम्हांस हौस नाहीं. पण राजा उभा राहिला कीं नाहीं ह्यापेक्षां, राजे नसलेले, किंबहुना स्वतःचें नांवही न सांगणारे कांहीं श्रोते ह्या संगीतासाठीं वृत्तपत्रांत उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. आणि तिला मात्र छापील पुरावा आहे.

हँडेल जन्मानें जर्मन. १६८५ त हाले गांवीं तो जन्मला आणि १७२७ त ब्रिटिश प्रजाजन झाला. लंडनांत त्याचें नांव झालें तें इटालियन ऑपेरामुळें. पण त्या ऑपेराचा खर्च अवाढव्य, गवयांचे रुसवेफुगवे त्याहून अवाढव्य, आणि भाषा बहुतेक श्रोत्यांस न समजणारी. म्हणून तो हळूहळू इंग्रजी ऑरेटोरिओकडे वळला. १७३२ त ‘एस्थर’ हें बायबलांतील कथानक नाटकाप्रमाणें वेषभूषेसह करण्याचा बेत निघाला, तेव्हां राजाच्या चॅपेलांतील मुलांनीं नाटकगृहांत असल्या कामांत पडूं नये, असें लंडनचे बिशप गिब्सन ह्यांनीं ठरविलें. तेव्हांपासून वेष नाहीं, हावभाव नाहीं, गायक जागच्या जागीं उभे राहून गातात, पण वास्तु मात्र नाटकगृहाचीच, अशी एक मधली वाट पडली. देवळांतला अभंग रंगभूमीवर गाइला तर त्याचें पावित्र्य उरतें कीं नाहीं, असा वाद ज्या घरांत जेवणाच्या पाटावर झालेला असेल, त्या घरांतील वाचकांस ही अडचण निराळी समजावून सांगावयास नको.

ह्या वाटेवर पहिला मोठा अपघात झाला तो १७३९ त. त्या वर्षीं एप्रिलच्या ४ तारखेस हेमार्केटमधील किंग्ज थिएटरांत ‘इझ्राएल इन ईजिप्त’ हा ऑरेटोरिओ झाला. त्यांतील शब्द बायबलांतून जसेच्या तसे उचललेले, आणि संगीत जवळजवळ सगळें समूहगायनाचें. एकट्या गायकाच्या ताना ऐकण्यास सोकावलेल्या श्रोत्यांचा त्यानें विरस झाला. दुसरा प्रयोग ११ तारखेस झाला तो काटछाट करून आणि मधूनमधून गाणीं घालून. तेव्हां १३ तारखेच्या ‘लंडन डेली पोस्ट’मध्यें ‘ए. झेड.’ अशा सहीचें एक लहानसें पत्र आलें: ही रचना पुन्हा एकदां करावी. तशी ती १७ तारखेस झाली, आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं ‘आर. डब्ल्यू.’ नांवाच्या दुसऱ्या एका रसिकानें त्याच पत्राकडे एक विस्तृत लेख लिहून पाठविला. रात्रीं ऐकलेलें संगीत कानांत घुमत असतांना माणूस सकाळीं उठून लेखणी घेऊन बसतो, हें चित्र आम्हांस फार आवडतें. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, असल्या रात्रीं नाटकगृहांत शिरतांना चर्चमध्यें शिरतांना असते त्याहूनही अधिक गंभीर वृत्ति असावी. कारण जें ऐकावयास आपण जातों तीच ईश्वराची थोर पूजा आहे. मनुष्याच्या मनाची तयारी स्थानास पवित्र करते, स्थान मनास नव्हे, असा त्याचा रोख होता. फिलालीथीसच्या प्रश्नास हें उत्तर चार वर्षें अगोदरच देऊन ठेवलेलें होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

दोन वर्षांनीं पारडें आणखी खालीं गेलें. १७४१ च्या जानेवारींत हँडेलचा शेवटचा ऑपेरा ‘डीडामिया’ तीन प्रयोगांत आटोपला. प्रतिष्ठित मंडळींपैकीं कांहींजण त्याच्यावर रुष्ट झाले होते. कारण कांहीं का असेना, तें संगीताचें नव्हते खास. एप्रिलच्या ४ तारखेस ‘लंडन डेली पोस्ट’मध्यें ‘जे. बी.’ ह्या आद्याक्षरांनीं एक पत्र छापलें गेलें. त्यावरून कळतें कीं, हँडेलच्या जाहिराती भिंतीवर चिकटवाव्या आणि कोणी क्षुद्र माणसांनीं त्या लागलीच फाडून टाकाव्या, इथपर्यंत मजल गेली होती. जे. बी. ह्यांनीं त्या रुष्ट मंडळींची मनधरणी केली आहे. ह्या माणसाचा एखादा अपराध झालाही असेल, पण त्यानें आपल्याला इतकीं वर्षें जें दिलें तें स्मरून क्षमा करा, अशी त्यांची विनवणी आहे. आमच्या मतें हें पत्र आर. डब्ल्यू. ह्यांच्या पत्राहून कमी विद्वत्तेचें, पण अधिक धाडसाचें आहे. संगीताची स्तुति करणें सोपें. समाजांतील वजनदार लोकांस तुम्ही अन्याय करीत आहां असें अदबीनें कां होईना चारचौघांत सांगणें तितकें सोपें नाहीं.

त्याच वर्षीं २२ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर ह्या चोवीस दिवसांत हँडेलनें ‘मेसाया’ची रचना केली. बायबलांतील वचनें निवडून त्यांची संहिता चार्ल्स जेनेन्स ह्या श्रीमंत विद्वानानें गुंफिली होती. पहिला प्रयोग लंडनांत न होतां १७४२ च्या एप्रिलच्या १३ तारखेस डब्लिनमध्यें फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहांत झाला. स्त्रियांनीं घेरदार झग्यांखालील कडीं आणि पुरुषांनीं तलवारी घरीं ठेवून यावें, अशी सूचना वर्तमानपत्रांत दिल्यामुळें सातशें माणसें दाटीवाटीनें मावलीं. सुमारें ४०० पौंड जमले. ते तीन धर्मकृत्यांस वांटले गेले, आणि त्यांतून कर्जापायीं तुरुंगांत पडलेले १४२ कैदी सुटले. त्या रात्रीं सुझॅना सिबर ही नटी गायिली. तिच्या नवऱ्यानें तिच्या प्रियकरावर पांच हजार पौंडांची फिर्याद केली होती व न्यायालयानें त्याच्या हातावर दहा पौंड ठेवले होते. त्या प्रकरणाची चव्हाट्यावर इतकी चर्चा झाली होती कीं तिला लंडन सोडावें लागलें. तिचें गाणें ऐकून डॉ. डिलेनी ह्या धर्मोपदेशकानें ह्याच्याकरितां तुझीं पापें माफ होवोत असे उद्गार काढले, असें सांगतात.

आतां पुनः फिलालीथीसकडे वळूं. त्याला संगीतद्वेष्टा म्हणतां येत नाहीं. हँडेलच्या पडत्या काळांतही त्याचा पक्ष न सोडणाऱ्या थोड्या लोकांपैकीं आपण एक आहों, असें तो स्वतः सांगतो, आणि तें खोटें मानण्याचें कारण दिसत नाहीं. ज्या नाटकगृहांत बहुतेक रात्रीं उथळ, प्रसंगीं बीभत्स खेळ होतात तेथें हीं वचनें कशीं शोभतील, हा त्याचा खेद प्रामाणिक आहे. त्याचा अन्याय दुसरीकडे आहे. गायकांची लायकी त्यानें त्यांच्या धंद्यावरून ठरविली, त्यांच्या गाण्यावरून नाहीं. आणि श्रोत्यांच्या अंतःकरणांत काय चालतें हें न विचारतां, तेथें करमणुकीवांचून दुसरें कांहीं नसणारच असें धरून चालला. डब्लिनच्या सातशें माणसांची साक्ष काढावी असें त्याच्या मनांतही आलें नाहीं.

असल्या लेखाचा परिणाम मात्र झाला. हँडेलनें आधींच सावधगिरी म्हणून जाहिरातींत ‘मेसाया’ हें नांवच घातलें नव्हतें. ‘एक नवा पवित्र ऑरेटोरिओ’ एवढेंच छापलें. कॉव्हेंट गार्डनमध्यें मार्चच्या २३, २५ व २९ ह्या तारखांस तीन प्रयोग झाले. सिबरबाई येथेंही गायिल्या, आणि कॅथरीन क्लाइव्ह ही दुसरी प्रसिद्ध नटीही. ३१ तारखेस ‘डेली ॲडव्हर्टायझर’मध्यें कोणा एका गृहस्थाचें पद्य आलें, ‘स्पेक्टेटर’मधील पत्र वाचून उत्स्फूर्तपणें लिहिलेलें, असें वर म्हटलें होतें. काव्य म्हणून तें सामान्यच आहे. त्यांत कर्मठांस गप्प बसण्यास सांगून, हें गान ज्या वास्तूंत होतें ती वास्तुच त्यानें पवित्र होते, असें प्रतिपादिलें आहे. म्हणजे आर. डब्ल्यू. ह्यांचीच कल्पना, यमकें जुळवून. फिलालीथीसच्या उभयतःपाशास हें उत्तर तर्कानें पुरें पडतें काय? आमच्या मतें पडत नाहीं. ज्यानें ऐकलें आहे त्यानें न ऐकलेल्यास एवढेंच सांगितलें कीं, आधीं या आणि ऐका. पण टीकाकाराच्या पत्रांत नेमकी जी उणीव होती तिच्यावर ह्यानें बोट ठेवलें, हेंही खरें.

कैवाऱ्यांचा लगेच जय झाला असें मात्र इतिहास सांगत नाहीं. १७४४ त ‘मेसाया’ झालाच नाहीं. १७४५ त दोनदां झाला. मग चार वर्षें पुनः शांतता. नाटकगृहांतील प्रयोगाविषयीं लोकांच्या मनांतील किंतु, आणि रचनेचें मर्म त्यांस न उमगणें, ह्या दोन कारणांनीं ती कृति प्रथम नीट रुचली नाहीं, असें हँडेलचा चाहता लॉर्ड शॅफ्ट्सबरी ह्यानें पुढें लिहून ठेवलें आहे. पारडें फिरलें तें १७५० त. टॉमस कोरम ह्या वृद्ध दर्यावर्दी गृहस्थानें टाकलेल्या पोरांसाठीं काढलेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलच्या चॅपेलास हँडेलनें ऑर्गन अर्पण केला, आणि मे महिन्याच्या १ तारखेस तेथें ‘मेसाया’ केला. अर्धी गिनी तिकीट असूनही इतके लोक परत गेले कीं १५ तारखेस तो पुनः करावा लागला. मग दरसाल तो तेथें होऊं लागला, आणि पोरक्या मुलांच्या पदरांत हजारों पौंड पडले. गंमत अशी कीं, चॅपेलांत गाणारे बरेचसे गायक नाटकगृहांतलेच होते. तेच कंठ, तेच स्वर. वास्तु तेवढी बदलली आणि आक्षेप मावळला. मात्र चॅपेलांत मान मिळाल्यावर कॉव्हेंट गार्डनमध्येंही लेंटच्या दिवसांत दरवर्षीं तो ऐकण्यास लोक जाऊं लागले. दृष्टि गेलेल्या हँडेलनें १७५९ च्या एप्रिलच्या ६ तारखेस त्याच नाटकगृहांत आपल्या हयातींतला शेवटचा ‘मेसाया’ ऐकला, आणि १४ तारखेस तो वारला.

१७८४ त त्याच्या स्मरणार्थ वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें पांचशेंहून अधिक गायक-वादकांनीं ‘मेसाया’ गाइला. आतां स्थानाविषयीं बोलण्यास जागाच उरली नव्हती. तरीही त्याच सुमारास लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ चर्चचा उपदेशक जॉन न्यूटन व्यासपीठावर उभा राहिला आणि ‘मेसाया’मधील एकेक वचन घेऊन त्यानें पन्नास प्रवचनें दिलीं, शहर ज्या शब्दांचे सूर ऐकून डोलत आहे त्या शब्दांचा अर्थ कोणी मनावर घेतो आहे काय, असें त्याला विचारावयाचें होतें. तीं प्रवचनें १७८६ त दोन भागांत छापलीं गेलीं.