कुरवंजी सांगते जगाचा भूगोल



गेल्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला. जगातल्या प्रत्येक देशातलं एकेक पुस्तक वाचायचं ठरवलं, तर ते मराठीतून कितपत जमेल? प्रश्न इंदूरहून आला, बेळगावहून आला, हैदराबादहूनही आला. लंडनच्या ॲन मॉर्गन या लेखिकेने २०१२ साली वर्षभरात १९६ देशांमधली पुस्तकं वाचली, तेव्हापासून अशा वाचनाची जगभर हौस निर्माण झाली आहे. आपल्याकडेही अनेक जण भिंतीवर नकाशा लावून वाचलेल्या देशावर खूण करतात.

मला वाटतं, ही हौस मराठीला नवी नाही. पुस्तकांतून जग पाहायचं आणि ते मराठीत सांगायचं, हा उद्योग एका मराठी माणसाने दोनशे वर्षांपूर्वी केला होता. तो पुण्यात किंवा मुंबईत नव्हता. तो तंजावरच्या किल्ल्यात होता. आजचा भाग त्याच्याबद्दल, म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांबद्दल.

मी हे मारतहळ्ळीतून बोलतोय, त्यामुळे सुरुवात इथूनच करतो. बेंगळुरूच्या या पूर्व भागात आऊटर रिंग रोडच्या दोन्ही बाजूंना आज हजारो मराठी घरं आहेत, बहुतेक आयटीच्या नोकरीमुळे आलेली. पण बेंगळुरूचं आणि मराठीचं नातं आयटीच्या फार आधीचं. विजापूरच्या फौजेने १६३८च्या सुमारास केंपेगौडाकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. शहाजीराजांच्या पदरी जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये बारा भाषांमधली रचना आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध केला. म्हणजे या शहरातल्या मराठी दरबाराला अनेक भाषा ऐकायची सवय पहिल्यापासून होती.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, इथून पुढे दक्षिणेला गेले आणि १६७५-७६च्या सुमारास तंजावरला भोसल्यांचं राज्य उभं राहिलं. आजही बेंगळुरूहून संध्याकाळच्या गाडीत बसलं की सकाळी तंजावर येतं. त्या वाटेने मराठी भाषा कावेरीच्या मुखापर्यंत गेली आणि १८५५पर्यंत तिथे राजघराण्याची भाषा म्हणून टिकली.

आता सरफोजींकडे येऊ. जन्म १७७७चा. तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतलं. गादीवरून भाऊबंदकी झाली आणि या मुलाचं शिक्षण व संरक्षण पाहिलं ते श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन मिशनऱ्याने. पुढे काही काळ ते मद्रासला राहिले, तिथे इंग्रजी शिकले. १७९८ साली ते गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांशी तह झाला. त्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे राहिला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे बघा, वय बावीस. राजा आहे, पण राज्य नाही. फौज नाही, न्याय नाही, तह करायचा अधिकार नाही. आणि समुद्र ओलांडून जाणं तर त्या काळच्या हिंदू राजाला शक्यच नव्हतं. त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास काशीचा, १८२० ते १८२२ या काळातला, हजारोंचा लवाजमा घेऊन. त्यापलीकडचं जग पाहायचा त्यांच्याकडे एकच मार्ग होता, तो म्हणजे पुस्तक.

तो मार्ग त्यांनी मनापासून धरला. तंजावरच्या नायकांच्या काळापासून राजवाड्यात पोथ्यांचा संग्रह होता. सरफोजींनी तो वाढवला, काशीयात्रेतूनही पोथ्या आणल्या, आणि त्याला युरोपीय पुस्तकांची जोड दिली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांमधली हजारो पुस्तकं जहाजाने येत होती. त्यात वैद्यक होतं, रसायनशास्त्र होतं, नकाशे होते, प्रवासवर्णनं होती. चीनमधल्या शिक्षांची चित्रं होती. शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची, माणसांच्या चेहऱ्यांची जनावरांच्या चेहऱ्यांशी तुलना करणारी चित्रं होती. आज सरस्वती महालाच्या संग्रहालयात गेलात तर ही चित्रं काचेआड पाहायला मिळतात. बिशप हेबर १८२६ साली तंजावरला आला होता. हा राजा लाव्हाझिए, लिनीअस, बुफाँ यांचे दाखले सहज देतो आणि शेक्सपिअरबद्दल जाणकारीने बोलतो, हे पाहून तो चकित झाला आणि तसं त्याने पत्रात लिहून ठेवलं.

पण पुस्तकं जमवणारे राजे आणखीही झाले. सरफोजींचं वेगळेपण पुढे आहे. जे वाचलं ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं नाही. त्यांनी ‘नवविद्या कलानिधी’ नावाची शाळा काढली आणि देवनागरी टाइपाचा छापखाना घातला. त्या छापखान्यातून १८०६ साली ‘बालबोध मुक्तावली’ निघाली. इसापच्या गोष्टींचं हे मराठी भाषांतर सख्खण पंडितांनी केलं. सेरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं ते १८०५ साली. म्हणजे मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक ग्रीस देशातून निघालं आणि तमिळ मुलखात छापलं गेलं. आपल्या छपाईच्या इतिहासाची सुरुवातच अशी परदेशी पाहुण्याने झाली आहे.

आणि आता आजच्या विषयाचा गाभा. सरफोजींच्या नावावर एक मराठी नाटक आहे, ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ मुलखातला गाण्या-नाचण्याचा लोकप्रिय नाट्यप्रकार. त्याचा साचा ठरलेला असतो. नायिका विरहाने व्याकूळ असते. मग डोंगरातली एक भटकी, हात पाहून भविष्य सांगणारी बाई येते. ती कुरवंजी. ती आधी स्वतःची ओळख सांगते, आपला डोंगर किती सुंदर, आपण कोणकोणत्या मुलखांत हिंडलो, कुठे काय पाहिलं. मग नायिकेचा हात बघते आणि तुझा प्रियकर भेटेल म्हणून सांगते.

सरफोजींनी नेमकी ‘मी कुठे कुठे हिंडले’ ही जागा पकडली. त्यांच्या नाटकात नायिका आहे इंद्राणी, प्रत्यक्ष स्वर्गाची राणी. तिच्यासमोर कुरवंजी येते आणि तिला जगाचा भूगोल सांगते. युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, त्यांतले देश आणि शहरं. पुराणांतल्या सप्तद्वीपांऐवजी नव्या भूगोलाची पृथ्वी, सूर्याभोवती फिरणारी. आणि हे सगळं मराठीत, गाण्यातून.

यातलं शहाणपण लक्षात घ्या. भूगोलाचं पुस्तक कोण वाचणार? त्या वेळी शंभरात किती लोकांना अक्षर येत होतं? पण कुरवंजी सगळ्यांच्या ओळखीची. ती आली की लोक कान टवकारतात. तिने सांगितलेलं लक्षात राहतं. शिवाय ज्ञान देणारी कोण आणि घेणारी कोण, तेही बघा. अनवाणी हिंडणारी, समाजाच्या काठावरची बाई सांगते आणि स्वर्गाची राणी ऐकते. हिंडलेल्या माणसाचा अधिकार जागच्या जागी बसलेल्या राणीपेक्षा मोठा असतो, हे किल्ल्यात अडकलेल्या राजाने लिहून ठेवलं.

असं लिहिणारे ते एकटेच नव्हते, हेही सांगायला हवं. श्वार्ट्झच्याच हाताखाली सरफोजींबरोबर वाढलेले वेदनायकम शास्त्री हे तमिळ ख्रिस्ती कवी. त्यांनी १८०० साली ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. तिच्यातही खगोल आणि भूगोल येतो. एकाच गुरूचे दोन शिष्य, एकच नाट्यप्रकार, एकाने तमिळमधून जग सांगितलं, दुसऱ्याने मराठीतून.

आता थोडी टीका. सरफोजींच्या कुरवंजीला आफ्रिका कोणी सांगितली? युरोपच्या पुस्तकांनी. आफ्रिकेतल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक त्या कपाटात नव्हतं. ज्यांची जहाजं होती त्यांनीच पुस्तकं लिहिली, आणि आपण त्यांच्या डोळ्यांनी जग पाहिलं. सरफोजींचं स्वतःचं राज्य ज्या कंपनीने घेतलं, तिच्याच देशातून येणाऱ्या पुस्तकांतून ते उरलेलं जग वाचत होते. ही अडचण पुढे शंभर-दीडशे वर्षं टिकली.

तिला पहिला मोठा छेद दिला पंडिता रमाबाईंनी. त्या १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. तिथली शाळा, घर, बायकांच्या संस्था, हवा, सगळं त्यात आहे. मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना तिथे कसं वागवलं जातं, तेही त्यांनी सोडलेलं नाही. इथे पहिल्यांदा परका देश मराठी बाईच्या नजरेतून, मराठी वाचकासाठी आला. कुरवंजी खरोखरच हिंडून आली म्हणा ना.

त्यानंतर आपल्याकडे प्रवासवर्णनांची रांग लागली. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, पु. लं.चं ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’, अलीकडे मीना प्रभूंची तुर्कस्तानापासून मेक्सिकोपर्यंतची पुस्तकं. यांनी मराठी घराघरांत देश पोचवले. पण हा झाला पाहुण्याने सांगितलेला देश. घरच्या माणसाने सांगितलेला देश हवा असेल तर भाषांतराकडेच जावं लागतं. ॲन मॉर्गनलाही तीच अडचण आली. साओ तोमे आणि प्रिन्सिपे या छोट्याशा बेटांच्या देशातलं इंग्रजीत आलेलं पुस्तक तिला मिळेना, तेव्हा काही स्वयंसेवकांनी पोर्तुगीजमधला कथासंग्रह तिच्यासाठी मुद्दाम इंग्रजीत आणला. इंग्रजीची ही गत, मग मराठीचं काय सांगावं!

तरी सुरुवातीच्या प्रश्नाला माझं उत्तर ‘सगळे देश नाही जमणार, पण सुरुवात नक्की जमते’ असं आहे. आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आम्ही काही मराठी घरं मुलांना घेऊन बसतो. प्रत्येक महिन्याला एक देश. जपानसाठी आम्ही ‘तोत्तोचान’ घेतलं. तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलं आहे. रेल्वेच्या डब्यांतली ती शाळा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळते, तिथे वाचणारा आवाज थांबला आणि नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, “काका, मग ती मुलं कुठे गेली?” तिने हे मराठीत विचारलं. शाळेत ती इंग्रजी बोलते, खाली खेळताना कन्नड आणि हिंदी. मराठी तिच्यासाठी ‘जेवायला चल’ आणि ‘आजीचा फोन आलाय’ एवढ्यापुरती होती. युद्ध, शाळा, मरण यांबद्दलचा प्रश्न तिला मराठीतून पडला, ही माझ्या मते साधी गोष्ट नाही.

कारण तंजावरने आपल्याला दुसरीही बाजू दाखवली आहे. १८०३ साली सरफोजींनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. एवढा मोठा शिलालेख, आणि आज समोरून जाणाऱ्यांपैकी फार थोडे तो वाचतात. ग्रंथालयात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखितं आहेत, शिवाय मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ही तिथल्या ग्रंथमालेत छापली गेली आहे. तंजावरी मराठी घरांत अजून बोलली जाते, पण वाचण्या-लिहिण्याची भाषा तमिळ किंवा इंग्रजी झाली. भाषा दगडावर कोरली म्हणून टिकत नाही. तिच्यातून नवं काही कळत राहिलं तर टिकते. सरफोजींनी शिलालेखातून घराण्याचा इतिहास जपला, आणि कुरवंजीच्या तोंडून जग मराठीत आणलं. दुसऱ्या कामाची जबाबदारी पुढच्यांनी घ्यायची होती.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जास्त लागू आहे. मुलांनी मराठीत फक्त शिवराय आणि सण वाचले, आणि बाकीचं सगळं जग इंग्रजीत वाचलं, तर मराठी ही आठवणींची भाषा होते. काबूल, टोकियो, ॲम्स्टरडॅम त्यांना मराठीत भेटले, तर ती विचारांची भाषा राहते. ॲन फ्रँकची डायरी मराठीत आहे, खालिद हुसैनींचं काबूल मराठीत आहे, हेमिंग्वेचा क्यूबातला म्हातारा कोळी पु. लं.नी १९६५ साली ‘एका कोळियाने’मध्ये आणून ठेवला आहे. एवढ्यावर एका घराची दोन-तीन वर्षं सहज जातील.

तेव्हा एक विनंती. तुमच्याकडे मराठीत असलेलं, दुसऱ्या देशातल्या माणसाने आपल्या देशाबद्दल लिहिलेलं एखादं पुस्तक असेल, तर त्याचं नाव, देश आणि भाषांतरकाराचं नाव आम्हाला कळवा. भाषांतरकाराचं नाव विसरू नका, कारण आजची कुरवंजी तीच. त्या नावांची यादी करून आपण ती या मालिकेत वाचू. पुढच्या भागात काशीयात्रेला निघू, सरफोजींच्याच लवाजम्याबरोबर.