टेकाडाखालचं कोल्हापूर

पंचगंगेच्या घाटाजवळ, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उभे राहा आणि उतरायला लागा. वरचा थर बहामनी काळाचा. काचेच्या बांगड्यांचे तुकडे पडलेत, पाय जपून टाका. आणखी खाली गेलात की भाजक्या विटांच्या भिंती लागतात. इथे थांबा. इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक चालू आहे आणि तुम्ही न विचारता कुणाच्या तरी अंगणात उभे आहात.

नदी ओळखीची आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीचं पाणी घेऊन ती आजच्यासारखीच पुढे जाते. बाकी ओळखीचं काही शोधत बसू नका. अंबाबाईचं आजचं देऊळ अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. भूक लागली तरी तांबड्या रश्श्याचं नाव काढू नका. मिरची पोर्तुगिजांच्या गलबतातून यायला अजून चौदाशे वर्षं आहेत. मिरी आहे, तिच्यावर भागवा.

गल्लीने चला. भिंतींच्या विटा चिखलात बसवलेल्या, वर कौलं. एका दारात मण्यांचा ढीग, शेजारी काळ्या-तांबड्या भांड्यांची चळत. लोक प्राकृत बोलतात. कान दिलात तर अर्धंमुर्धं कळतं. घासाघीस मात्र पूर्ण कळते.

काही विकत घ्यायचं तर इथलं नाणं लागेल. हे घ्या. शिशाचं आहे, दिसतं त्याहून जड. एका बाजूला कमानींवर कमानी रचलेला डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. (आजचं राजकारण मनात आणू नका.) कडेने अक्षरं आहेत: रञो गोतमिपुतस विळिवायकुरस. राजा आधी आईचं नाव लावतो, मग स्वतःचं. आता नाणं उन्हात जरा तिरपं धरा. या अक्षरांच्या खालून दुसरी अक्षरं डोकावतात, अर्धवट चेपलेली. ती माढरिपुत सिवलकुराची. नवा राजा आला म्हणून जुनी नाणी वितळवत कोण बसणार? त्यांच्यावरच नवा ठसा हाणला आणि बाजारात सोडली. टाकसाळीतल्या या आळसाचे आपल्यावर उपकार आहेत. आधी वासिठिपुत विळिवायकुर, मग सिवलकुर, मग गोतमिपुत, हा क्रम अभ्यासकांना लागला तो अशा ठशावरच्या ठशांमुळे. तिकडे इजिप्तमध्ये भूगोल लिहिणारा टॉलेमी 'बलेओकुरोस' नावाच्या राजाची नोंद करतो, तोही बहुधा यांच्यातलाच.

पुढच्या घरात शिरा. तांब्या-काशाची भांडी, आरसा, आणि कोनाड्यात वीतभरही उंची नसलेला एक दाढीवाला पुरुष, उघड्या अंगाचा. हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. जुलैच्या सुमारास इजिप्तच्या बंदरांतून निघालेली जहाजं मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरात आपल्या किनाऱ्याला लागतात; तिथून माल बैलांच्या पाठीवरून घाट चढतो. समुद्रदेवही तसाच चढला असणार. घरमालकाला त्याचं नाव माहीत असेल, तो त्याला फूल वाहत असेल, असं काही धरून चालू नका. कदाचित दूरदेशीची गंमत म्हणून ठेवला असेल, कदाचित चांगल्या धातूचा म्हणून. 'कोल्हापूरचं रोमशी नातं' असलं काही छाती फुगवून सांगायला निदान हा पुरावा पुरत नाही, असं माझं मत.

त्यापेक्षा शेजारचा हत्ती बघा. तोही छोटासाच, पाठीवर माणसं बसलेली. ओतणाऱ्याने हत्ती रोज पाहिलाय, हे कळायला जाणकार असावं लागत नाही.

आता वर या. वाटेत 1944-45 लागेल, तेव्हा पोसायडनसह हा सगळा ऐवज उजेडात आला. लगेच 1945-46 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित इथे थर मोजत उत्खनन करताना दिसतील. त्यांच्या कामात लुडबुड करू नका. या वस्तूंसाठी कोल्हापुरात संग्रहालय निघालं, ते आता टाउन हॉलमध्ये आहे. तिथे गेलात तर आधी हत्तीपाशी जा. पोसायडनचं कौतुक करायला बाकीचे आहेतच.