यंत्र तेच, मांडणी निराळी

नवे यंत्र आले की समाजात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, यंत्र भाकरी हिरावणार. दुसरा म्हणतो, सुबत्ता आणणार. दोघांचीही दृष्टी यंत्रावरच खिळलेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज हेच चालले आहे. म्हणून यंत्राभोवतीच्या माणसांचा अभ्यास कसा सुरू झाला, हे पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

1 जानेवारी 1947 रोजी ब्रिटनच्या कोळसाखाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. तरी गैरहजेरी आणि असंतोष हटेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणीत राबलेले केन बॅमफोर्थ यांनी 1951 मध्ये त्याचे कारण मांडले. पूर्वी दोन-चार सोबती एकमेकांस निवडून कोळसा काढण्याचे सगळे काम मिळून करीत. यंत्रांबरोबर तेच काम सुमारे चाळीस माणसांत आणि तीन पाळ्यांत वाटले गेले. एका पाळीची उणीव पुढच्या पाळीच्या माथी येई. पण त्या माणसांची गाठ पडत नसे. सोबत तुटली, आणि दोष देणे तेवढे उरले.

त्याच संस्थेचे ए. के. राइस 1953 मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले होते, परंतु अपेक्षित लाभ होत नव्हता. विणणारा, बॉबिन पुरवणारा, तेल घालणारा, अशी कामांची बारीक वाटणी होती. कोणी किती माग सांभाळायचे, यात मेळ नव्हता. ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवावेत, ही कल्पना कामगारांनी तत्काळ उचलली आणि आपले गट आपणच बांधले. आरंभीच्या अडचणी सरल्यावर उत्पादन वाढले, कापडाची खराबी घटली. माग मात्र तेच होते.

आता अलीकडचा दाखला घेऊ. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनिएल ली आणि लिंडसे रेमंड यांनी 2023 मध्ये ग्राहकांच्या अडचणी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कामाची पाहणी प्रसिद्ध केली. कृत्रिम बुद्धिमत्ता उत्तरे सुचवू लागल्यावर ताशी सुटणाऱ्या अडचणी सरासरी 14 टक्क्यांनी वाढल्या. नवख्या व कमी कुशल कर्मचाऱ्यांच्या बाबतीत 34 टक्क्यांनी. निष्णातांस फारसा लाभ झाला नाही. आणि यंत्र जे शिकले, ते निष्णातांच्या संभाषणांतूनच!

त्या कौशल्याचा मोबदला कोणास मिळावा? 14 टक्क्यांच्या आकड्यातून याचे उत्तर निघत नाही, आणि यंत्रही ते देणार नाही. अहमदाबादच्या विणकरांस विचारले गेले, म्हणून त्यांनी मार्ग काढला. आज कचेरीत यंत्र बसवण्यापूर्वी तेथे काम करणारास तितके तरी विचारावे, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.