बैठे काम, उभे काम

दासोपंतांची पासोडी अंबाजोगाईत आजही जपलेली आहे. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ लिहिले. अभ्यासक तिच्यातला वेदान्त पाहतात. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. एवढे कापड समोर घेऊन हा माणूस बसला कसा असेल? एक तर कापड गुंडाळत पुढे सरकवले असेल, नाहीतर कापड पसरून ते स्वतःच सरकत गेले असतील. दोन्हींत एका जागी मांडी ठोकून भागणारे नाही.

असला प्रश्न सुचायला कारण आहे. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आता उभ्याने काम करायची टेबले आली आहेत. क्वचित टेबलाखाली फिरता पट्टाही असतो. माणूस जागच्या जागी चालतो आणि बोटे संगणकावर चालू! आमच्या बीडच्या कचेऱ्यांत खुर्चीचेच राज्य आहे. पण लिहिणाऱ्याने बसावे की उभे राहावे, ही गोष्ट काही आजची नाही.

मोडी लिहिणारा आपला कारकून जमिनीवर बसे. एक गुडघा उभा, त्यावर कागद, हातात बोरू. नाहीतर समोर उतरते लाकडी डेस्क. पण दप्तराचा रुमाल काढायला, धन्याने हाक मारली म्हणून, असा तो दिवसभर उठे. जमिनीवरून उठायचे म्हणजे दर वेळी तालमीतली एक बैठकच. खुर्ची आली आणि ही बिनपैशाची तालीम गेली. तिकडे इंग्लंडात एकोणिसाव्या शतकातले कारकून उंच मेजाशी उभे राहून, नाहीतर उंच स्टुलावर टेकून खतावण्या लिहीत. म्हणजे आजचे नवे टेबल तसे जुनेच. मान मात्र आपण बसण्यालाच दिला. धनी गादीवर बसतो, चाकर उभा राहतो. शाळेतही शिक्षा कोणती, तर बाकावर उभे करणे.

बसण्याचा खरा हिशेब मांडला तो लंडनच्या बसगाड्यांनी. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. दोघे एकाच गाडीत, एकाच शहरात. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसलेला. कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. हृदयविकार ड्रायव्हरांत जास्त निघाला. आपल्या एसटीला दुसरा मजला नाही, पण बाजाराच्या दिवशी गर्दीतून तिकिटे फाडणारा कंडक्टर ज्याने पाहिला आहे, त्याला मॉरिस वेगळा समजावून सांगायला नको.

फिरत्या पट्ट्याचे मूळ मात्र तुरुंगात आहे. १८१८ च्या सुमारास विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक काढले. कैदी तासन् तास चढत राहायचे आणि पोचायचे कुठेच नाहीत. १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा बंद पडली. पुढे शंभर वर्षांनी मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हिन यांनी तसलेच यंत्र टेबलाखाली आणून बसवले, तेही आरोग्यासाठी.

आणि याच काळात केरळातल्या कापड दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रिया बसायला स्टूल मिळावे म्हणून लढत होत्या. २०१८ मध्ये तिथे कायदा बदलला, २०२१ मध्ये तमिळनाडूत. उभे राहणे ज्याच्या मर्जीवर आहे त्याच्यासाठी तो व्यायाम. बाकीच्यांसाठी ती नोकरीची अट.

आमच्या जिल्ह्याला हे सांगावे लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे इथून ऊसतोड कामगारांचे तांडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. वाकून तोडायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. पायऱ्या मोजायला कोणी मॉरिस फडात आला नाही. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग पाळीचे दिवस असोत की आजारपण. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने याची दखल घेतली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते.