किल्ल्यातली माती आणि चिमण्या

निसर्ग म्हटला की आपल्याला सह्याद्री आठवतो, गड आठवतात. पण दारच बंद झालं तर? 2020 साली आपण सगळ्यांनी हे थोडंफार अनुभवलं. प्रश्न मात्र जुना आहे. त्यासाठी आज आपण अहमदनगरच्या किल्ल्यात जाऊ.

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना इथे आणलं गेलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आपले शंकरराव देव. पुढची अडीच वर्षं यांचं जग म्हणजे एक अंगण आणि त्यावरचं आकाश.

नेहरूंनी कुदळ हाती घेतली. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राड्यारोड्याने भरलेली. तरी ते उन्हातान्हात तासन्‌तास खणत, फुलांसाठी वाफे करत. नवी चंद्रकोर दिसली की कैदेचा आणखी एक महिना सरला, हा त्यांचा हिशोब. 1944 साली इथेच लिहिलेल्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या आरंभीच हा चंद्र आणि ही माती आहे.

आझादांची गोष्ट वेगळी. त्यांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी मांडली होती. आधी त्यांनी चिमण्यांशी युद्धच पुकारलं. हार मानावी लागली. मग तांदळाचे दाणे टाकून ते निश्चल बसू लागले. रोज थोडं अंतर कमी होत होत चिमण्या शेवटी तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. 'गुबार-ए-खातिर'मध्ये हे सगळं त्यांनी मोठ्या मिश्कीलपणे लिहिलंय.

आता इथे आपण जरा थांबू. 'निसर्ग दुःख हलकं करतो' असं आपण सहज बोलून जातो. पण एप्रिल 1943 मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या, तेव्हा ते याच किल्ल्यात होते. चिमण्यांनी काही दार उघडलं नाही. तसा दावा आपण करू नये.

मग मिळालं काय? आपल्याला वाटतं ते असं: कैदेत एकाचा हुकूम चालतो आणि दुसऱ्याने तो मानायचा असतो. माती आणि चिमणी यांच्यापुढे कोणाचाच हुकूम चालत नाही. त्यांच्या कलाने घ्यावं लागतं, हात आणि नजर शिकवावी लागते. हे शिक्षण त्या भिंतींच्या आतही चालू राहिलं. आणि त्याला लागलं काय? एक कुदळ, मूठभर तांदूळ. दोन्ही आपल्या घरात असतात. आपण ती हातात घेतो का, एवढंच विचारायचं.