कागदाचा लोंबता तुकडा

२०२० च्या नोव्हेंबरात मी नोकरीला अगदीच नवा होतो. करोनामुळे काम घरून, त्यामुळे लॅपटॉपच्या एका खिडकीत कोड आणि दुसऱ्या खिडकीत अमेरिकेचा तो लाल-निळा नकाशा, असा सगळा आठवडा काढला. नेवाडातली मोजणी इतकी सावकाश चालली होती की आमच्या टीममध्ये कुणाचं काम रखडलं की "याचं नेवाडा झालंय" म्हणायची पद्धतच पडली. असाच एक विनोद मी न्यू जर्सीच्या मामाला पाठवला. मामा म्हणजे विनोदांचा कारखाना, एकाला चार परत येणार हे गृहीतच. पण आली ती एकच ओळ : "हसू नकोस रे. २००० साली आम्ही पण असेच हसलो होतो."

आता २००० साली मी तीन वर्षांचा. तेव्हा मला फक्त पार्ले-जीमध्ये रस होता. पण मामाची ती ओळ डोक्यात राहिली. मग सापडेल ते वाचत सुटलो आणि दर रविवारी फोन करून मामाला पिडलं. त्यातून जमलेली ही गोष्ट.

मामा १९९८ साली वायटूकेच्या लाटेत अमेरिकेला गेला. म्हणजे काय, तर जुन्या कोबोल प्रोग्रॅममध्ये सालाचे दोन आकडे होते तिथे चार करायचे. १ जानेवारी २००० ला जग बुडणार होतं, ते बुडलं नाही, आणि मामाची नोकरीही सुदैवाने टिकली. छोट्याशा अपार्टमेंटमध्ये तो आणि एक सांगलीचा रूममेट. दोघांनाही मत नाही (एच-वन व्हिसावाल्याला कर भरता येतो, मत देता येत नाही), पण मतं मात्र भरपूर. मामा उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या बाजूचा, सांगलीकर टेक्सासचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांच्या. पैज लागली : ज्याचा माणूस हरेल त्याने महिनाभर दोघांची भांडी घासायची.

७ नोव्हेंबर २०००, मंगळवार. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडला जात नाही, इलेक्टोरल कॉलेजच्या ५३८ मतांवर निवडला जातो, हे आता सगळ्यांना पाठ आहे. जिंकायला २७०. बहुतेक राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं. त्या रात्री सगळं येऊन अडकलं फ्लोरिडापाशी. फ्लोरिडाची मतं २५, आणि ती ज्याला मिळतील तो राष्ट्राध्यक्ष. तिथले गव्हर्नर कोण, तर जेब बुश, म्हणजे उमेदवाराचे धाकटे बंधू! निकालावर सही करणाऱ्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस कोण, तर बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहअध्यक्ष! आपल्याकडे सिनेमात असं दाखवलं तर लोक म्हणतील, जरा अती होतंय.

संध्याकाळी आठच्या आत टीव्हीवाल्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं. (राज्याच्या पश्चिम टोकाला घड्याळ तासभर मागे, तिथे अजून मतदान चालूच होतं.) मामाने सांगलीकराला साबण दाखवला. दहाच्या सुमाराला वाहिन्यांनी शब्द मागे घेतला. रात्री सव्वादोनला तेच फ्लोरिडा बुश यांना दिलं. सांगलीकराने मामाला साबण दाखवला. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केलं आणि पावसात समर्थकांसमोर हार कबूल करायला निघाले. वाटेत त्यांच्या माणसांना कळलं की फरक भराभर वितळतोय. गाडी माघारी, आणि बुश यांना दुसरा फोन : मघाचं अभिनंदन परत घेतो! बुश म्हणाले, माझा भाऊ सांगतोय मी जिंकलोय. गोर यांचं उत्तर साधारण असं होतं म्हणतात, की तुमचा धाकटा भाऊ म्हणजे काही अंतिम निकाल नव्हे. पहाटे चारपर्यंत वाहिन्यांनी बुश यांचा विजयही मागे घेतला.

सुमारे ६० लाख मतांत फरक निघाला १,७८४. राज्याच्या कायद्याने अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक असला की फेरमोजणी आपोआप होते. तिकडे घरात घटनात्मक पेच : निकाल लागेपर्यंत भांडी कुणी घासायची? तोडगा निघाला. दोघं कागदी ताटल्यांत जेवायला लागले.

इथून पुढचा भाग माझ्यातल्या इंजिनिअरच्या जिव्हाळ्याचा.

पाम बीच काउंटीत म्हातारी माणसं खूप. त्यांना वाचायला सोपं जावं म्हणून तिथल्या अधिकारी बाईंनी अक्षरं मोठी केली. उमेदवार दहा, मग नावं एका पानावर मावेनात. म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर टाकली आणि मधोमध छिद्रांची एक रांग. डाव्या पानावर बुश पहिले, गोर दुसरे. पण दुसरं छिद्र गोर यांचं नव्हतंच. ते होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं, गोर यांचं छिद्र तिसरं. ब्युकॅनन कट्टर उजवे आणि ही काउंटी डेमोक्रॅट, ज्यू मतदारही भरपूर. तिथे ब्युकॅनन यांना ३,४०० च्या वर मतं पडली! ही बहुतेक मतं माझी नसावीत, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. शिवाय १९ हजारांवर मतपत्रिका एकापेक्षा जास्त छिद्रं पडल्यामुळे बाद झाल्या. हेतू चांगला, डिझाइनला मंजुरी, आणि खऱ्या वापरणाऱ्यांसमोर चाचणी शून्य. आपल्यापैकी कितीजणांनी असं काही रिलीज केलंय, हात वर करा. (माझे दोन्ही वर आहेत.)

दुसरा किस्सा व्होल्युशा काउंटीचा. तिथल्या काहीशे मतदारांच्या एका केंद्राच्या आकड्यांमुळे त्या रात्री गोर यांच्या बेरजेतून चक्क १६,०२२ मतं वजा झाली. दोष मेमरी कार्डाचा. चूक लगेच सापडली आणि दुरुस्तही झाली, पण तोवर वाहिन्यांच्या हिशेबात बुश यांची आघाडी फुगायला तिने हातभार लावला होता. मतं ऋण असू शकत नाहीत, एवढी एक तपासणी कुणी लिहिली असती तर!

आणि तिसरं म्हणजे चॅड. बऱ्याच काउंट्यांत मतदान व्हायचं पंचकार्डावर. हेच ते होलेरिथ यांनी १८९० च्या अमेरिकन जनगणनेला वापरलेल्या कार्डाचं वंशज. टोकदार काडीने कार्डातला छोटा चौकोन पाडायचा. तो पडलेला तुकडा म्हणजे चॅड. पण तो कधीकधी पडत नाही. एका कोपऱ्याला लटकला तर लोंबता, दोन कोपऱ्यांना असेल तर झुलता, तीन कोपरे धरून बसला तर आणखी वेगळं नाव, आणि नुसता फुगवटा आला असेल तर (खरंच सांगतोय) गर्भार चॅड! जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरवायला ब्रॉवर्ड काउंटीत एक न्यायाधीश डोळे वटारून, भिंगातून कार्ड बघत बसले होते. तो फोटो जगभर गाजला. पुढे पाम बीचच्या मतपत्रिका भाड्याच्या पिवळ्या ट्रकमधून राजधानी टालाहासीला निघाल्या, तर वर हेलिकॉप्टरं, आणि देशभर लोक टीव्हीवर एक ट्रक हायवेवरून जाताना बघतायत. 'तुम्हाला राज्यकर्ता निवडता येत नाही, सबब तुमचं स्वातंत्र्य रद्द करण्यात येत आहे' अशी ब्रिटनच्या नावाने एक ईमेल तेव्हा जगभर फिरली. मामाने ती ऑफिसातल्या गोऱ्यांना पाठवली, तेही हसले.

पण हसता हसता दातात खडा यावा तसं काही सापडतं. २००१ साली अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाने फ्लोरिडाचा अहवाल दिला. कृष्णवर्णीय मतदाराची मतपत्रिका बाद होण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ दहापट होती. गुन्हेगार म्हणून मतदारयादीतून नावं वगळण्याच्या कामात, नावं जुळल्यामुळे, काही निरपराध माणसांचाही हक्क गेला. म्हणजे बग सगळ्यांना सारखा चावत नाही. ज्याच्या वस्तीत जुनं यंत्र, त्याचं मत हवेत.

२६ नोव्हेंबरला हॅरिसबाईंनी निकालावर सही केली : बुश ५३७ मतांनी पुढे. गोर कोर्टात. ८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने हातमोजणीचा आदेश दिला, दुसऱ्याच दिवशी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने तो थांबवला. १२ डिसेंबरच्या रात्री अंतिम निकाल आला. वार्ताहर थंडीत न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून, पानं चाळत, कॅमेऱ्यासमोरच अर्थ लावतायत. सारांश असा की प्रत्येक काउंटीत चॅड मोजायचा नियम वेगळा, हा मतदारांवर अन्याय आहे, आणि एकसारखा नियम करून मोजायला आता वेळ उरलेला नाही. हेही ५ विरुद्ध ४. वर अशी पुस्ती की हा निकाल या खटल्यापुरताच. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात लिहिलं त्याचा आशय असा, की जिंकलं कोण हे नक्की कळणार नाही, पण हरलं कोण ते स्पष्ट आहे : न्यायाधीश निःपक्ष असतो हा देशाचा विश्वास.

देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती. इलेक्टोरल कॉलेजात २७१ विरुद्ध २६६ ने ते हरले. खरं कोण जिंकलं? पुढे वृत्तसंस्थांनी मिळून सगळी वादग्रस्त कार्डं तपासून घेतली. उत्तर आणखीच गमतीचं : गोर यांनी मागितली होती तेवढीच फेरमोजणी झाली असती तर बुश जिंकले असते, आणि राज्यभरातल्या सगळ्याच बाद मतपत्रिका तपासल्या असत्या तर गोर, पण अगदी थोडक्यात.

माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. ६० लाखांत ५३७ हा फरक त्या यंत्राच्या चुकीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी लहान होता. वखारीच्या काट्यावर केशर तोलायला गेलो तर काटा काहीतरी आकडा दाखवेल, पण तो केशराचा नसेल. अशा वेळी आपल्याकडच्या कायद्यात प्रांजळ सोय आहे. मतं अगदी समान झाली की चिठ्ठी काढतात. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोघांना ५,९४६-५,९४६ मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीवर ठरला. पण चिठ्ठी असो, कोर्ट असो की यंत्र, शेवटी व्यवस्था चालते ती हरलेल्याने "बरं, हरलो" म्हटल्यावर. हा भाग कुठल्याही यंत्रात बसवता येत नाही.

१३ डिसेंबरला गोर ते म्हणाले. निकाल पटला नाही, पण मान्य आहे. भाषणाच्या सुरुवातीला, या वेळी पुन्हा फोन करून शब्द मागे घेणार नाही, असा स्वतःवर विनोदही केला. ६ जानेवारी २००१ ला संसदेत मतं मोजण्याच्या समारंभाला अध्यक्ष कोण? उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजे स्वतः गोर! कृष्णवर्णीय खासदार एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांना हरकत घेत होते, म्हणजे गोर यांच्याच बाजूने. पण नियमाप्रमाणे एका तरी सिनेटरची सही हवी, आणि ती कुणाकडेच नव्हती. एक खासदार म्हणाल्या, मला सहीची पर्वा नाही. गोर म्हणाले, नियमाला आहे. सगळे हसले. स्वतःच्या बाजूच्या हरकती स्वतःच फेटाळून त्यांनी बुश यांना विजयी जाहीर केलं.

बरोबर वीस वर्षांनी, ६ जानेवारी २०२१. त्याच इमारतीत, त्याच कामासाठी माइक पेन्स उभे, आणि बाहेरून दारं-खिडक्या फोडून जमाव आत शिरला. २००० साली शंका खरी होती आणि हरणाऱ्याने मान झुकवली. २०२० साली फरक ३०६ विरुद्ध २३२, जॉर्जियात हाताने पूर्ण फेरमोजणी झालेली, साठच्या आसपास खटले निष्फळ ठरलेले. तरी मान झुकली नाही. २००२ साली कायदा करून त्यांनी पंचकार्डं हद्दपार करायला घेतली, २०२२ साली मोजणीचा कायदाही घट्ट केला, ६ जानेवारी २०२५ ला कमला हॅरिस यांनी स्वतःच्या पराभवाची मोजणी शांतपणे वाचून दाखवली. यंत्र सुधारलं, विश्वास मात्र त्या वेगाने सुधारत नाही.

मामाने १३ डिसेंबर २००० ला काय केलं? गोर यांचं भाषण संपल्यावर मुकाट्याने उठला आणि सिंकपाशी गेला. सांगलीकराने पंधरा दिवस मजा बघितली, मग म्हणाला, पुरे, आता निम्मी मी घासतो.

आता दोघेही अमेरिकन नागरिक आहेत, दोघांनाही मत आहे. आणि २०२१ च्या त्या जानेवारीपासून दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. सांगलीकर म्हणतो निवडणूक चोरली, मामा म्हणतो डोकं ठिकाणावर आण. पंचवीस वर्षांची दोस्ती, एकमेकांच्या मुलांच्या बारशाला गेलेली माणसं.

मागच्या दिवाळीत मामा पुण्यात आला होता. फराळाच्या बश्या विसळताना मी म्हटलं, एकदा फोन कर ना. तो म्हणाला, "करायचा आहे रे. पण आधी कुणी करायचा?"

म्हणजे फेरमोजणी अजून चालूच आहे. असो.