मानसोपचाराची ‘खोटी गोळी’ : लोणावळ्यापासून सुरू होणारा एक इतिहास

नैराश्यावरच्या औषधाची चाचणी करताना एक सोय असते. खऱ्या गोळीसारखीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी बनवता येते. काही रुग्णांना ही, काहींना ती. पण उपचार म्हणजे तासभर बोलणं असेल, किंवा आसनं, श्वास आणि एकाग्रता असेल, तर त्याची खोटी गोळी कशी बनवायची? मानसोपचारावर पीएचडी करायचा विचार असेल तर हा प्रश्न तुमची वाट बघतोय. त्याचं एक जुनं उत्तर मुंबईच्या केईएम रुग्णालयात सापडतं, आणि तिकडे जाणारी वाट मावळातून जाते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. प्रश्न सरळ होता : योगाबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं मोजता काय येतं? सुरुवात शरीरापासून झाली. उड्डियान आणि नौलीच्या वेळी पोटाच्या आत काय घडतं हे क्ष-किरणांनी पाहिलं गेलं, आतला दाब मोजला गेला. दाब मोजणं अवघड असलं तरी शक्य होतं. मन मोजायचं म्हटलं की गाडी अडायची.

तो प्रयत्न केला कोवूर बेहनन यांनी. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारा हा केरळचा संशोधक १९३१-३२ च्या सुमारास लोणावळ्याला आला आणि कुवलयानंदांकडे शिकला. १९३७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी स्वतःवरच केलेले प्रयोग आहेत. प्राणायामाच्या वेळी शरीराला जास्त प्राणवायू लागतो, असं त्यांना आढळलं. प्राणायाम संपल्यावर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांमध्ये मात्र त्यांचा वेग मंदावलेला दिसला. भावनिकदृष्ट्या स्थिर वाटतं, हा स्वतःचा अनुभवही त्यांनी नोंदवला. म्हणजे ज्या गोष्टीने फायदा झाला असं वाटत होतं, तिच्याबद्दलचा गैरसोयीचा आकडाही त्यांनी छापला. पण प्रयोगात माणूस एकच, आणि तोच संशोधक. प्रामाणिकपणा भरपूर, तुलना मात्र नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत इथेच बोट ठेवलं जाईल.

पुढचा टप्पा १९६३ चा. कुवलयानंद आणि त्यांचे सहकारी डॉ. विनेकर यांचं योगचिकित्सेवरचं पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्य शिक्षण विभागाने प्रकाशित केलं. योग्य मानसिक वृत्ती घडवणं आणि स्नायू-मज्जासंस्थेला नवं वळण लावणं, अशी त्यात उपचाराची मांडणी आहे. मग १९६६ मध्ये ब्रिटनच्या मानसोपचार नियतकालिकात एक लेख आला : लेखक डॉ. वाहिया, विनेकर आणि डुंगाजी. वाहिया हे केईएममधले मानसोपचारतज्ज्ञ. आश्रमातली मांडणी आता रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पोचली होती.

वाहियांच्या गटाचे पुढचे लेख १९७३ चे आहेत. (त्यांच्या सहलेखकांत तेव्हा तरुण असलेले दिलीप जेस्ते होते. पुढे ते अमेरिकन मानसोपचार संघटनेचे अध्यक्ष झाले.) इथे आपली खोटी गोळी सापडते. रुग्णांच्या एका गटाला पतंजलींच्या क्रमाने पूर्ण उपचार दिले : आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान. दुसऱ्या गटाला दिसायला तसंच काहीतरी दिलं : आसनांसारख्या शारीरिक स्थिती, प्राणायामासारखं श्वसन. धारणा-ध्यानाचा गाभा मात्र काढून घेतला. पूर्ण उपचार घेतलेल्या गटात सुधारणा जास्त दिसली.

युक्ती साधी आहे, पण तिचं मोल समजून घ्या. दोन्ही गट रुग्णालयात येतात, दोघांनाही कुणीतरी वेळ देतं, दोघांनाही आपल्यावर काहीतरी चाललंय असं वाटतं. तरीही फरक पडला, तर तो गाभ्याचा असण्याची शक्यता वाढते. शंका उरतेच. शिकवणाऱ्याला तर माहीत असतं की आपण कुणाला काय देतोय. त्याचा उत्साह दोन्हीकडे सारखा राहील का? गोळी उत्साही नसते, माणूस असतो.

बरं, हे लेख वाचताना एक सावधगिरी बाळगा. तिथे रुग्णांना ‘न्यूरोसिस’ असं लेबल आहे. १९८० मध्ये अमेरिकन निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली, तिने हा शब्द मुख्य वर्गीकरणातून हटवला आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराला स्वतंत्र जागा दिली. त्यामुळे १९७३ च्या त्या रुग्णांपैकी आज कुणाला नैराश्य म्हटलं जाईल, कुणाला चिंताविकार आणि कुणाला व्यक्तिमत्त्व विकार, हे लेबलावरून ठरवता येत नाही. ‘योगाने नैराश्य बरं होतं हे केईएमने सिद्ध केलं’ असं वाक्य आपल्या प्रस्तावात कृपया लिहू नका.

आता दोन नव्या चाचण्या शेजारी ठेवून बघू. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० लोकांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, जे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, सहा ते आठ भेटींत उपचार दिले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या लक्षणांतून बाहेर आले होते, तुलना गटातले ३९ टक्के. पण इथे तुलना गटाला खोटी गोळी नव्हती. नेहमीचीच सेवा, थोडी सुधारून दिलेली.

व्यक्तिमत्त्व विकारांचं उदाहरण मार्शा लिनेहान यांचं. बॉर्डरलाइन विकार असलेल्या आणि स्वतःला इजा करणाऱ्या स्त्रियांवरच्या त्यांच्या १९९१ च्या चाचणीत तुलना नेहमीच्या उपचारांशी होती. टीका झाली : फरक पद्धतीचा की फक्त चांगल्या थेरपिस्टचा? म्हणून २००६ च्या चाचणीत त्यांनी तुलना गटाला अशा विकारांतले अनुभवी तज्ज्ञच दिले. तरीही त्यांच्या पद्धतीच्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण साधारण निम्मं राहिलं.

थोडक्यात, गोव्याचा प्रश्न होता : ही सेवा आरोग्य केंद्रात आणल्याने लोकांचं भलं होतं का? केईएमचा आणि २००६ चा प्रश्न वेगळा : भलं नेमकं कशाने होतं? पहिल्याला तुलना गट म्हणून नेहमीची सेवा चालते, दुसऱ्याला तगडा तुलना गटच हवा. नेहमीच्या सेवेशी तुलना करून ‘माझी पद्धतच कारण’ असा निष्कर्ष काढला, तर परीक्षक सोडणार नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, त्या निष्कर्षावर विसंबून एखाद्या रुग्णाचं वर्ष वाया जाईल.

म्हणून प्रस्ताव लिहिताना शीर्षकाआधी एक ओळ लिहा : माझ्या तुलना गटातल्या माणसाला नेमकं काय मिळणार आहे? किती वेळ, कुणाकडून, आणि देणाऱ्याचा त्यावर किती विश्वास? ही ओळ जमेपर्यंत पुढचं पान उघडू नका.